लंगड्या गाईचा उखाणा

या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते, खरं सांगायचं तर, करमणूक म्हणून. दुपारच्या चहाबरोबर. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात... वाचायचं, हसायचं, पुढे सरकायचं. मी इंजिनिअर आहे. नाशिकला, अंबड एमआयडीसीत प्लास्टिकच्या मोल्ड्सची डिझाइन्स करते. आमच्या कामात केसाएवढा फरक पडला तरी का पडला ते सांगावं लागतं, "काहीतरी होतं बुवा तिथे" म्हणून सुटता येत नाही. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय याची गंमत सगळ्यात जास्त मलाच वाटतेय.

पण लिहिते. कारण जे झालं ते स्मशानाजवळ वगैरे नाही झालं. भर दुपारी, औरंगाबाद रोडवरच्या एका लॉन्सवर, माझ्याच लग्नात, सगळ्या पाहुण्यांसमोर झालं. आणि त्याचं शूटिंग आहे.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगते. मी बोलताना अडखळते. लहानपणापासून. लिहिताना सुसाट सुटते, ते तुम्ही बघताच आहात. पण बोलायला लागले की काही अक्षरं आतून कडी लावून घेतात. प, ब आणि म ही तर माझी जन्माची वैरी. ओठ मिटले की उघडतच नाहीत. मान ताणली जाते, एक डोळा मिचमिचतो, समोरचा माणूस कासावीस होतो आणि माझं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकतो. बहुतेक वेळा चुकीचं. रिक्षावाल्याला मला पाथर्डी फाटा सांगायचा असतो, तो म्हणतो, "पंचवटी का ताई? बसा."

आणि नशीब बघा, प्रेमात पडले ती पंकजच्या! मी त्याला कधी नावाने हाक मारलीच नाही. "अरे", "ऐक ना", "ए". त्याच्या घरी सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, मुलगी किती जुन्या वळणाची आहे, लग्नाआधीच नवऱ्याचं नाव घेत नाही!

पंकजचं घर मूळचं सटाण्याकडचं. आता पंचवटीत राहतात, पण घरात आपसात अजून अहिराणीच चालते. मला ती थोडीफार कळते, म्हणजे शे म्हणजे आहे, माय म्हणजे आई, इतपत. बोलायचा प्रश्नच नाही. जिथे मराठीच धड निघत नाही तिथे अहिराणी कुठून?

आम्हा दोघांचं ठरलं होतं, रजिस्टर लग्न करायचं, दुपारी जेवण द्यायचं, विषय संपला. सासूबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "सही कुठंही करा. माझी ना नाही. पण जुने शकुन तेवढे मला करू द्या. त्यानं तुमचं काही बिघडत नाही."

मी हो म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, मला मजाच आली. लॉन्सचा मॅनेजर हिरवळीत खड्डा खणू देईना, म्हणून आमची मुहूर्तमेढ, म्हणजे मांडवाचा पहिला खांब, रंगाच्या रिकाम्या डब्यात माती भरून रोवली. उंबराची हिरवीगार डहाळी, आंब्याची पानं, हळदीकुंकू, आणि खाली "वॉटरप्रूफ" असं लिहिलेला डबा! सासूबाईंनी त्या डब्यालाही मनापासून नमस्कार केला.

माझी अट एकच होती. उखाणा नाही. नाव घेणार नाही, कुणी आग्रह करायचा नाही. पंकजने घरी तसं सांगितलं. सासूबाई फक्त "बरं" म्हणाल्या.

पण पंकजच्या आत्या, कमलआत्या, त्यांना ते पटेना. आमच्या बैठकीतच त्यांनी विचारलं होतं, "पोरगी बोलत का नाय? मुकी हाय का काय?" पंकजने सांगितलं, अडखळते ती. तर म्हणाल्या, "मंग पोरंबी तशीच निघायची." आता त्यांनी सगळ्या भाऊबंदांत फोन फिरवले. नाव न घेता नवरी घरात आली तर तो अपशकुन असतो, घराला लागतं... म्हणजे बघा, पुढे त्या घरात दूध नासलं असतं तरी ते माझ्या न घेतलेल्या उखाण्यावर गेलं असतं. मी वरवर हसत होते. पण मला माहीत होतं, कुणीतरी कधीतरी घेरणार.

लग्नाच्या आदल्या सकाळी सासूबाई आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर आल्या. सोबत जुन्या नाशकातल्या बांगड्या भरणाऱ्या भाभी. हिरवा चुडा आपल्या हातानेच आणायचा, असा सासूबाईंचा हट्ट. भाभींनी माझे दोन्ही हात भरले. इतक्या हळुवार, की एकही बांगडी पिचकली नाही. त्या चहा घ्यायला आत गेल्या तेव्हा मी पाहिलं, सासूबाईंनी चुड्यातल्या काही बांगड्या बाजूला काढून रुमालात बांधल्या.

"या कोणाच्या?" मी विचारलं.

त्यांनी रुमालाची गाठ आवळली. मग म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या. बायजाआक्का. माझ्यापेक्षा मोठी. लग्न ठरलं होतं तिचं. तांदूळ निवडून झाले होते, पापड वाळत होते... आणि तापाचं निमित्त झालं. घरात लग्न निघालं की मी तिचा चुडा काढते. माझ्या लग्नात आईनं काढला होता. आता मी काढते."

मी बोलून गेले ते असं, "मग त्यांना ब... ब... बोलवा ना लग्नाला."

सहज बोलले. धीर द्यायला आपण काहीतरी बोलतो ना, तसं. पण सासूबाईंनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि हातातल्या डबीतून हळदकुंकू लावलेल्या अक्षता काढून माझ्या तळहातावर ठेवल्या.

"तूच बोलव. नवरीनं बोलावलं तर जास्त मान असतो."

त्यांचं माहेरही सटाण्याकडचंच, म्हणून बाल्कनीत जाऊन त्या दिशेला तोंड करून मी उभी राहिले. मला स्वतःचंच हसू येत होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. "बायजाआक्का, उद्या लग्नाला या" — एवढंच म्हणायचं होतं. पण पहिलंच अक्षर ब. मी अडकले. चांगलीच अडकले. डोळ्यांत पाणी आलं. आणि माझ्या लक्षात आलं की सासूबाई शेजारी शांत उभ्या आहेत. त्यांनी शब्द पुढे केला नाही, "राहू दे" म्हटलं नाही, मान वळवली नाही. नुसत्या थांबल्या. माझ्यासाठी असं कुणी थांबलेलं मला आठवत नाही. माझ्या आईलाही ते जमत नाही, तिचा जीव तुटतो. शेवटी वाक्य निघालं, मी अक्षता सोडल्या, भाभींनी आतून विचारलं, "नवरीनं चहा घेतला का?" आणि विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी लग्न. सकाळी सह्या झाल्या, मग लॉन्सवर आलो. सासूबाईंचे सगळे शकुन यथासांग झाले. सवाष्णींनी भरलेले कलश घेऊन समोर येणं, अंतरपाट, मंगलाष्टकं. पंकजच्या कानाला माझ्या भावाने असा पीळ दिला की फोटोग्राफर म्हणाला, पुन्हा एकदा करा, मस्त आलंय. सगळं छान चाललं होतं.

आणि मग अँकर आला.

हल्ली असतो ना, चकचकीत जॅकेट घातलेला, गाणी आणि गेम्स घेणारा. त्याला आम्ही आधी बजावलं होतं. पण मध्येच कमलआत्या त्याच्या कानाला लागताना मला दिसल्या. पुढच्या क्षणी स्पीकरवर आवाज घुमला, "तो मंडळी, सबसे बडा मोमेंट! वहिनीसाहेब नाव घेणार! जोरदार टाळ्या!"

आणि माइक माझ्या हातात.

स्टेजच्या बाजूला ती मोठी एलईडी स्क्रीन होती. कॅमेरावाल्याने माझा चेहरा जवळून घेतला. मी तोंड उघडलं. म्हणजे उघडायला गेले. ओठ मिटले ते मिटलेच. स्क्रीनवर माझी ताणलेली मान, मिचमिचणारा डोळा, भिंतीएवढा मोठा. टाळ्या हळूहळू थांबल्या. कुठूनतरी खुसखुस ऐकू आली. पहिल्या रांगेत माझी आई पदराने तोंड झाकून बसली होती. तिच्या पलीकडे कमलआत्या, हात मांडीवर, चेहऱ्यावर "मी म्हटलं नव्हतं?"

पंकजने माइक घ्यायला हात पुढे केला. मी मान हलवली. का ते सांगते. राग आला होता मला. अँकरचा नाही, आत्यांचाही नाही. त्या बंद ओठांचा. आज नाही द्यायचा माइक, उभं राहायचं, संध्याकाळ झाली तरी चालेल, असं काहीतरी डोक्यात गेलं.

आणि मग माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

हे कसं सांगू... कच्ची चिंच चावल्यावर सुटतं ना, तसं. दात आंबावेत तसं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मान सैल झाली. खांदे खाली आले. आणि स्पीकरवरून एक वाक्य ऐकू आलं. ते मी बोलतेय हे मला, खरंच सांगते, ऐकताना कळलं:

"आरमना काठले चिंचनं झाड, तठे बसनी लंगडी गाय,
पंकजरावनं नाव लेस, दार उघाड मनी माय!"

स्वच्छ. एका दमात. प आला आणि वाऱ्यासारखा निघून गेला. सूर असा, जसा घरात पाणी भरताना बायका म्हणतात तसा, थोडा लाडिक, "माय"वर लांबवलेला.

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग सटाण्याकडची सगळी मंडळी एकदम उठलीच! शिट्ट्या, टाळ्या, "वा वा! लंगडी गाय!" म्हणून हशा. नाशिककर सूनबाई अहिराणीत नाव घेते म्हटल्यावर पोरांनी फेटे उडवले. अँकर ओरडला, "वन्स मोअर!" माझी आई तोंडावरचा पदर काढून बघतच राहिली. आणि पंकज? तो टाळ्या वाजवत नव्हता. माझ्याकडे बघत होता, कारण त्याला माहीत होतं की मला अहिराणी येत नाही.

तेवढ्यात सासूबाई स्टेजवर आल्या. चालत नाही, जवळजवळ धावत. माझे दोन्ही दंड धरले. त्या माझ्याशी नेहमी मराठीत बोलतात, पण तेव्हा मराठी विसरल्या.

"हाई कोनी शिकाडं तुले?"

माइक अजून माझ्या हातात होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"म... म... माहीत नाही," मी म्हणाले. अडखळणं परत आलं होतं.

मग त्यांनीच माइक घेतला. या बाईंनी जन्मात कधी माइक धरला नसेल. दोन्ही हातांनी तो धरून म्हणाल्या, "हा उखाणा माझ्या बहिणीचा आहे. बायजाआक्काचा. तिच्या लग्नासाठी तिनंच जुळवला होता. आम्ही दोघी आरम नदीच्या काठी चिंचा खात बसायचो, तिथं मला म्हणून दाखवायची. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायची, म्हणून नावाच्या जागी 'फलाणाराव' म्हणायची. आमच्या लंगड्या गाईला त्यात घातलं म्हणून मी तिला हसायची. तिला मांडवात म्हणायला मिळाला नाही. मी कुणाला सांगितला नाही. आज... आज तो मांडवात लागला."

मागून पंकजचे मामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, खुर्चीवरून उठले. साठीपुढचे गृहस्थ, भर मांडवात रडताहेत आणि हसताहेत. "लंगडी गाय आमचीच! कपिला! चिंचेखालून हलायची नाय ती!" उखाणा त्यांनाही माहीत नव्हता. गाय मात्र माहीत होती.

मग जे झालं ते सांगताना अजून अंगावर काटा येतो. सटाण्याकडच्या म्हाताऱ्या बायका एकेक करून स्टेजवर आल्या. कुणी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, कुणी ओटीत तांदूळ घातले. एकीने मला सांगितलं, "बायजाला मी पाहिलं व्हतं. लय गोड पोर." नवरी मी होते, पण टाळ्या दोघींच्या वाजत होत्या. आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. कमलआत्या जागेवरच बसून होत्या. मग त्याही आल्या. माझ्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि गेल्या.

अनुभव इथे संपला असता तर मी कदाचित लिहिलाही नसता. पण एक गोष्ट मला खुपत होती. जेवणाच्या पंक्तीत ज्याला त्याला एकच म्हणायचं होतं, "अगं, तू तर बरी झालीस! देवाची करणी!" मी बरी-बिरी झाले नव्हते. भात वाढणाऱ्याला "पुरे" म्हणता येईना, म्हणून जास्त भात खाल्ला. तो उखाणा माझ्या तोंडून निघाला, पण माझा नव्हता.

संध्याकाळी उन्हं उतरताना पंचवटीतल्या घरी पोहोचलो. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. दारात नणंद, दीपा, दोन्ही हात चौकटीला लावून उभी. पद्धतच आहे ती. मागे गल्लीत सगळी मंडळी जमलेली.

"वहिनी, परत तोच! लंगडी गाय!"

मी वाट पाहिली. खरंच पाहिली. तोंडाला पाणी सुटतं का, मान सैल होते का... काही नाही. फक्त मी होते, आणि समोर तो प.

दीपा बिचारी गोंधळली, तिने हात खाली घेतले. "असू दे वहिनी, या आत." मागून कुणीतरी "पंकजरावांचं..." म्हणून शब्द पुरवायला लागलं.

सासूबाई आतून ताट घेऊन येत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "कुणी बोलू नका. दीपा, दार सोडू नको. तिला घेऊ दे तिचा वेळ."

गल्ली गप्प झाली. आणि मी माझा उखाणा म्हटला. तिथल्या तिथे जुळवलेला, मराठीतला, मोडका:

"द्वारका सर्कलला अडकते गाडी, तरी शेवटी येते घरी,
प... प... प..."

किती वेळ गेला माहीत नाही. समोरच्या घराच्या गॅलरीत कुणीतरी कुकर बंद केला, तो आवाज आठवतो. माझी मान ताणली, डोळा मिचमिचला, आणि या वेळी मी ते लपवायला हात वर नेला नाही. कुणीही शब्द पुढे केला नाही. पंकजने तर श्वास धरला होता.

"...पंकजचं नाव घेते, अडखळत का होईना, मीच खरी!"

अहो, जो गलका झाला! मांडवातल्यापेक्षा मोठा. दीपाने दार सोडून मला मिठीच मारली. माप माझ्या पायाआधी तिच्याच धक्क्याने लवंडलं, तांदूळ घरभर. सासूबाई म्हणाल्या, "चांगलं झालं, घर भरलं." जन्मात पहिल्यांदा मी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारली होती, तीही अख्ख्या गल्लीसमोर.

आता खुलाशाचं. मी माझ्या परीने शोधला. माझ्या स्पीच थेरपिस्ट मॅडमना शूटिंग दाखवलं. त्या म्हणाल्या, आवाज तुझाच आहे. अडखळणारी माणसं गाताना किंवा दुसऱ्या ढंगात बोलताना अडखळत नाहीत, हे बऱ्याचदा दिसतं, त्यात अमानवीय काही नाही. बरं, ते मान्य. पण शब्द? मॅडम म्हणाल्या, ते माझ्या विषयात येत नाही. पंकजचं म्हणणं, आई कधीतरी काम करताना गुणगुणली असेल, तुझ्या कानात राहिलं असेल. सासूबाई ठामपणे नाही म्हणतात. तो उखाणा आठवला की त्यांना रडू यायचं, म्हणून बहीण गेल्यापासून त्यांनी तो ओठांवरच आणला नव्हता. आणि समजा आणला असता, तरी मी त्यांच्या घरी किती वेळा गेले होते? पाहुणी म्हणून, पोहे खाऊन परत. ते शूटिंग मी कितीतरी वेळा पाहिलंय. उखाण्याच्या आधी मी चेहरा किंचित आंबट करते, ते स्पष्ट दिसतं. का करते ते मला सांगता येत नाही. ज्याला येत असेल त्याने कमेंटमध्ये जरूर सांगा, मी मनावर न घेता वाचीन.

मी अजून अडखळते. ऑफिसात, रिक्षात, फोनवर. फरक एवढाच, की आता मी वाक्य सोडून देत नाही.

परवा कमलआत्यांचा फोन आला होता. त्यांच्या नातीचं लग्न आहे, निफाडला. म्हणाल्या, "करवलीचा मान तुझा. अन् नाव तुलाच घ्यायचंय, मराठीत घे नाहीतर कशातबी घे." मी म्हटलं, आत्या, वेळ लागेल हं.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "जेवणं थांबवून ठेवते."